आमदारांचा सलाम, भावाचे सहा टाके आणि मागे घ्यायच्या गुन्ह्यांची यादी

पारोळ्याची_लेक (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:१२

माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई आहे, खान्देशातल्याच एका तालुक्याच्या ठाण्यात. तालुका लिहीत नाही. आंदोलन कोणाचं होतं तेही लिहीत नाही, कारण लिहिलं की पुढचे पन्नास प्रतिसाद त्या समाजावर आणि त्या पक्षावर जातील आणि माझा प्रश्न गिरणेच्या वाळूसारखा रातोरात गायब होईल.

दोन वर्षांपूर्वी रास्ता रोकोच्या बंदोबस्तात त्याच्या कपाळावर दगड बसला. सहा टाके पडले. डोक्यावर हेल्मेट होतं, पण पुढची काच वर केलेली होती. सकाळपासून उन्हात उभं राहून काच खाली केली की आत वाफ धरते आणि समोरचं काही दिसत नाही, असं तो म्हणतो. "दिसेना म्हणून वर केली, आणि दिसला तो दगडच."

त्या संध्याकाळी आमदार दवाखान्यात आले. सोबत फळांची पिशवी, दहाबारा कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. रात्री फोटो आला, खाली ओळ होती, "कर्तव्य बजावणाऱ्या पोलीस बांधवांच्या पाठीशी खंबीरपणे उभा." आमच्या आईने तो फोटो आठवडाभर स्टेटसला ठेवला होता. मी पण ठेवला होता, खोटं कशाला बोलू.

आता मागच्या आठवड्यात भावाला ठाण्यात कळलं की त्या दिवशीचा गुन्हा मागे घ्यायच्या यादीत गेलाय, आणि शिफारशीचं पत्र त्याच आमदारांचं आहे. त्याने मला हे सांगितलं ते भांडून नाही, हसून सांगितलं. त्याच्या हसण्याने मला जास्त त्रास झाला.

मी शिक्षिका आहे, राजकारणातलं फार कळत नाही. पण या दोन वर्षांत पेपर वाचताना एक गोष्ट लक्षात येत गेली. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी विधानसभेत निवेदन केलं. ३३ पोलीस जखमी, त्यात ३ उपायुक्त, एकावर तर कुऱ्हाडीचा वार. पोलिसांवर हात टाकणाऱ्यांना सोडणार नाही, असं ठणकावून सांगितलं. चांगलं वाटलं. पण आपल्याकडच्या रस्त्यावर जे होतं, त्याला कोण ठणकावतं? तिथले आंदोलक मतदार, पोलीसही मतदार, फक्त आंदोलक जास्त असतात.

माझा प्रश्न सरळ आहे. लोकप्रतिनिधी पोलिसांना पाठिंबा देतात म्हणजे नेमकं काय करतात? ज्यांच्या घरात खाकी आहे त्यांनी लिहा. ज्यांच्या अंगावर आंदोलनाचे गुन्हे आहेत त्यांनीही लिहा, तुमच्यावर राग नाही. ज्यांना फक्त "सगळे सारखेच" लिहायचंय त्यांनी भरताच्या वांग्यांचा धागा वर काढावा.

शेवभाजी_तर्री | रविवार, रात्री १०:२०

सगळे सारखेच.
(कोणीतरी लिहिणारच होतं, मी उरकून टाकलं. आता बोला. ताई, भावाला नमस्कार सांगा.)

बंदोबस्त_काका | रविवार, रात्री ११:०५

लेकी, मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. ३४ वर्षांतली २७ जळगाव-धुळे-नंदुरबार या तीन जिल्ह्यांतच गेली. तू विचारलंस म्हणून लिहितो, नाहीतर मी इथे फक्त पिकांचे भाव वाचायला येतो.

मोर्चा हिंसक होतो तो दिवस सोपा असतो. दगड येतो, ढाल धरायची, साहेबांचा आदेश आला की काठी, नाहीतर मागे सरकायचं. अवघड असते ती रात्र. पोरं ताब्यात घेतलेली असतात, ठाणे अंमलदार नोंद करत असतो, आणि फोन वाजतो. हा फोन कधीच "सोडा" असं म्हणत नाही. आजवर एकाही नेत्याच्या तोंडून मी "सोडा" शब्द ऐकलेला नाही. फोन म्हणतो, "साहेब, लेकरं आहेत. बारावीची परीक्षा आहे. बघा जरा." या "बघा जरा" वर आमची निम्मी नोकरी गेली. बघितलं तर दगड मारणाऱ्याला कळतं की वजन कुठे आहे. नाही बघितलं तर तीन महिन्यांनी बदलीच्या यादीत आपलं नाव बघायचं.

तू विचारलंस ना पाठिंबा म्हणजे काय? माझ्या लेखी पाठिंबा म्हणजे न आलेला फोन. असे दोनच आमदार मला भेटले. एक वारले. दुसरे पुढच्या निवडणुकीत पडले.

आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये जालन्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात लाठीमार झाला. बायाबापड्यांना काठ्या बसल्या, ते चूकच होतं. गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. क्षमा मागितली याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन महिन्यांच्या आत, ३० ऑक्टोबरला बीड जिल्ह्यात आमदारांची घरं पेटली, आणि त्याच आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात विचारलं की पोलीस काय करत होते? मी त्या दिवशी टीव्हीसमोर बसून एकटाच बोललो, "साहेब, ते आदेशाची वाट बघत होते." काठी उचलली तर रजा, नाही उचलली तर बघ्याची भूमिका. मधली जागा कुठे आहे ती कोणी आखून देत नाही.

केळीवाला | सोमवार, सकाळी ६:४८

ताई, मी त्या यादीतला. म्हणजे तुमच्या भावाच्या नाही, आमच्या तालुक्याच्या.

केळीच्या पीकविम्याचे पैसे अडकले होते. वादळाने बागा आडव्या झाल्या, खोडं कुजली, कंपनी म्हणे निकषात बसत नाही. आम्ही हायवेवर बसलो. तीन तास शांत. मग मागून कोणीतरी एसटीच्या काचेवर दगड टाकला आणि पळापळ झाली. मी पळालो नाही, कारण मी काही केलं नव्हतं. म्हणून मी सापडलो. जे पळाले ते "व इतर ५० ते ६० इसम" झाले. माझ्यावर ३५३ लागलं. सरकारी कामात अडथळा, अंमलदारावर बलप्रयोग. मी त्या अंमलदाराला पाणी दिलं होतं हो, दुपारी.

सात वर्षं तारखांना जातोय. स्टेजवर जे बोलत होते त्यांचीही नावं गुन्ह्यात आहेत, पण त्यांना वकील आहे, गाडी आहे. आम्ही एसटीने जातो, त्याच एसटीने. आमच्यातला एक पोरगा पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्हींत निघाला होता. चारित्र्य पडताळणीत अडकला. आता तो चोपडा रोडला टायरचं दुकान चालवतो. पोलीस व्हायला निघालेलं पोरगं, पोलिसावरच्या हल्ल्याच्या केसमध्ये.

म्हणून गुन्हे मागे घ्या म्हटलं की तुम्हाला दगड दिसतो, मला तो पोरगा दिसतो.

पारोळ्याची_लेक | सोमवार, सकाळी ७:३०

दादा, शाळेला निघते आहे, एकच विचारते. तुम्ही दगड मारला नाही, शंभर टक्के मान्य. पण कोणी मारला हे तुम्हाला माहीत होतं का? आणि माहीत असेल तर पोलिसांना सांगितलंत का?

केळीवाला | सोमवार, सकाळी ७:५२

माहीत होतं. नाही सांगितलं. गावात राहायचंय ताई.

शेवभाजी_तर्री | सोमवार, सकाळी ८:०१

या उत्तराला लाइक द्यावं की नाही तेच कळेना.

कायद्याचं_बोला_७७ | सोमवार, सकाळी ९:१५

एवढं रडगाणं कशाला? पोलिसावर हात उचलला की घरावर बुलडोझर. दोन घरं पाडा, तिसरा दगड उचलणार नाही. आमदारांनी असा कायदा करावा, आम्ही पाठीशी आहोत.

ॲड_गिरणाकाठ | सोमवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, पुढे अशिल बसलाय.

७७ साहेब, नागपूरच्या दंगलीनंतर नेमकं हेच झालं. एका आरोपीचं घर महापालिकेने पाडायला घेतलं आणि २४ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली. घर पाडणं ही दगड मारल्याची शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही. नुकसानभरपाई वसूल करायची सोय मात्र आहे, आणि ती जुनीच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५१. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा केंद्राचा कायदा आहे, जाळपोळ केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. कायदे पुरेसे आहेत. साक्षीदार नाहीत. कारण वर केळीवाल्या दादांनी चार शब्दांत लिहिलंय.

आता ३५३ बद्दल, कारण हा किस्सा आमदार मंडळींच्या संदर्भात फार मजेचा आहे. सरकारी नोकरांवरचे हल्ले वाढले म्हणून आपल्याच विधिमंडळाने राज्यापुरती दुरुस्ती करून ३५३ ची कमाल शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षं केली. २०१८ पासून ते लागू झालं. आणि मग ओरड कोणी सुरू केली? लोकप्रतिनिधींनीच. अधिकारी हे कलम आमच्यावरच लावतात, दुरुपयोग होतो, शिक्षा कमी करा! स्वतः केलेल्या जोड्याने स्वतःचाच पाय चावला. शेवटी १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिताच गेली. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ आहे आणि शिक्षा परत २ वर्षं.

गुन्हे मागे घेण्याचं म्हणाल तर राजकीय-सामाजिक आंदोलनांसाठी शासन निर्णय निघत असतात. ढोबळ अटी अशा की जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नसावं. पण सरकारने यादी केली म्हणजे खटला संपला असं नसतं. सरकारी वकिलाने अर्ज करायचा आणि न्यायालयाने परवानगी द्यायची. आणखी एक गंमत सांगतो. खटला आमदार-खासदारांवर असेल तर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो मागे घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलंय. म्हणजे स्टेजवरचा नेता जर आमदार असेल तर त्याची सुटका केळीवाल्या दादांपेक्षा अवघड. निदान कागदावर तरी.

लेक ताई, तुमच्या भावाच्या कामाचं एक आहे, पण ते संध्याकाळी नीट लिहितो. पुकारा झाला.

पांझरेकाठचा | सोमवार, दुपारी ३:१०

मी धुळ्याचा. तुमनं सगळं बरोबर शे काका, पन ज्याना घरमा गोळी येस त्याले बी इचारा.

६ जानेवारी २०१३, मच्छी बाजार. हॉटेलच्या बिलावरून भांडण सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. मी तेव्हा विशीत होतो, आमची गल्ली तिथून लांब नाही. नंतर मोबाईलची चित्रणं बाहेर आली. त्यात काही पोलीसच मोडतोड करताना दिसत होते. त्यातल्या काहींना अटकही झाली. चौकशीला न्यायमूर्ती मालटे यांचा आयोग नेमला गेला.

पोलिसांवर दगडफेक झाली नाही असं मी म्हणत नाही. झाली. दोन्हीकडून झाली. पण सभागृहात कोणी उठून "आम्ही पोलिसांच्या पाठीशी आहोत" म्हणतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणत्या पोलिसांच्या? ताईंचा भाऊ टाके घेऊन उभा आहे त्याच्या, की त्या चित्रणात दिसणाऱ्यांच्या? पाठिंबा घाऊक दिला की त्यात दोघंही येतात, आणि मग टाकेवाल्याची किंमत कमी होते.

बंदोबस्त_काका | सोमवार, दुपारी ४:३०

पांझरेकाठचा भाऊ, तुझं म्हणणं पटतं. त्या चित्रणांनी आमची मान खाली गेली होती. त्या वर्षी मी बंदोबस्ताला दुसऱ्या गावात होतो, तर चहावाला पैसे घेईना. मी म्हटलं का रे? म्हणे, "धुळ्यावाले ना तुम्ही? राहू द्या." तो आदर नव्हता, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

पण एक लक्षात घे. त्या पोलिसांना अटक झाली ती पण पोलिसांनीच केली.

नंदुरबारी_चिंच | सोमवार, सायंकाळी ६:२२

५ ऑगस्ट २०१८ कसा विसरलात सगळे? आमच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित धुळ्याच्या कलेक्टर कचेरीतल्या बैठकीहून निघाल्या (साक्री आणि शिरपूर आमच्याच लोकसभेत, म्हणून धुळ्याला त्यांचं जाणं असायचंच). बाहेर मराठा आरक्षणाचं आंदोलन. पोरं गाडीवर चढली, काचा फोडल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोकसभेत विषय मांडला, रडवेल्या आवाजात. रोख होता पोलिसांवर, बंदोबस्त कुठे होता म्हणून. इकडे नंदुरबारला आदिवासी समाज रस्त्यावर उतरला, आंदोलनाच्या विरोधात आंदोलन!

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. बाईमाणूस एकटी गाडीत, वर माणसं नाचतायत, भीती वाटणारच. पण धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. दगड एसटीला लागला तर "जनतेचा उद्रेक". पोलिसाला लागला तर "दुर्दैवी घटना". स्वतःच्या काचेला लागला की तेवढ्यापुरता "हल्ला".

आणि जाता जाता. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे आदिवासी तरुणाच्या खुनानंतर मोर्चा निघाला, त्यात कलेक्टर कचेरीवर दगड गेले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्याच महिन्यात, काही दिवस आधी, ९ सप्टेंबरला, हुतात्मा शिरीषकुमारच्या स्मारकावर सगळ्यांनी हार घातले होते. १९४२ साली तोही मोर्चातच होता आणि समोर पोलीसच होते. लहान पोरं विचारतात, कोणत्या मोर्चाला हार आणि कोणत्या मोर्चाला गुन्हा? मी तरी अजून उत्तर देऊ शकलेलो नाही.

कायद्याचं_बोला_७७ | सोमवार, सायंकाळी ६:४०

शिरीषकुमारची तुलना दगडफेक्यांशी??? शुद्धीवर या. त्याच्या हातात तिरंगा होता, दगड नव्हता.

नंदुरबारी_चिंच | सोमवार, सायंकाळी ६:५१

तुलना केलीच नाही. पोरांचा प्रश्न लिहिला. तुमचं उत्तर चांगलं आहे, उद्या वर्गात वापरतो.

धागा_संपादक | सोमवार, रात्री ८:००

तीन प्रतिसाद उडवले आहेत. दोघांनी जात काढली, एकाने एका मंत्र्याच्या गावच्या दंगलीवरून मंत्र्यांच्या घरच्यांना शिव्या दिल्या. पाळधीबद्दल लिहायचं तर लिहा, शिव्या नकोत.

साक्रीकर | सोमवार, रात्री ८:३५

दंगल, मोर्चा यात राईनपाडा बसत नाही, तरी लिहितो. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी व्हॉट्सॲपवरची अफवा, आणि मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. पोलीस पोचले ते मोजके, आणि जमाव हजारांचा. सोडवायला गेलेल्या पोलिसांनाही मार बसला. पिंपळनेर ठाण्यापासून तिकडच्या पाड्यांपर्यंतचा घाटरस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

घटनेनंतर सगळे आले. निषेध झाला, मदत जाहीर झाली. पण त्या भागात कायमची माणसं किती वाढली, गाड्या किती वाढल्या, हे कोणी कोणाला विचारलं? आमदाराला पाठिंबा द्यायचाय ना, मग पुरवणी मागण्यांच्या (जादा खर्च मंजूर करायच्या) वेळी आमच्या ठाण्याचं नाव घे म्हणावं. तिथे टाळ्या पडत नाहीत.

बंदोबस्त_काका | सोमवार, रात्री ९:१०

लाख बोललास. वरणगावला राखीव दलाचा गट व्हायचा होता, तो तिकडे जामखेडला कुसडगावला गेला, तेव्हा भांडण झालं ते या पक्षाने नेला की त्या पक्षाने यावर. भुसावळ-रावेर पट्ट्यात काही पेटलं तर धुळ्याहून सहा नंबरचा गट निघून किती वेळात पोचतो, हे भाषणात कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन जातं. पहिली गाडी ठाण्याचीच असते, आणि तिच्यात पाच जण असतात. त्यातला एक चालक.

जामनेरी | सोमवार, रात्री ९:४४

आमच्या गावाचं मी लिहायचं टाळत होतो. जून २०२४. सहा वर्षांच्या लेकरावर अत्याचार करून मारलं होतं. आरोपी भुसावळला सापडला, आणि रात्री जमाव जामनेर ठाण्यासमोर, त्याला आमच्या ताब्यात द्या म्हणून. दगडफेक, जाळपोळ. पोलीस निरीक्षकांसह बरेच पोलीस जखमी झाले.

मी त्या गर्दीत होतो. दगड मारला नाही, पण होतो, आणि "द्या ताब्यात" हे ओरडलो पण होतो. माझी पोरगी तेव्हा सात वर्षांची. आज थंड डोक्याने विचार केला की वाटतं, त्या रात्री ठाण्याच्या आत जे उभे होते त्यांच्यातही कोणाच्या तरी घरी सात वर्षांची पोरगी असणार. तरी त्यांनी त्याला बाहेर दिला नाही. याच्यावर सभागृहात बोलायला हवं होतं. "पोलीस जखमी झाले" एवढंच नको. त्यांनी काय केलं, ते कोणीतरी बोलायला हवं होतं.

शेवभाजी_तर्री | सोमवार, रात्री ९:५०

भाऊ, हे लिहायला धाडस लागतं. माझ्याकडून आज विनोद बंद.

ऑस्टिनचा_अमळनेरकर | मंगळवार, पहाटे ४:१६

इकडे संध्याकाळ आहे. पांझरेकाठच्या भाऊंनी ६ जानेवारी लिहिलं आणि मी चमकलो. इकडच्या, म्हणजे अमेरिकेच्या, संसदेवर जमाव चालून गेला तीही ६ जानेवारी, २०२१ ची. सुमारे १४० पोलीस जखमी झाले, आणि सगळे खासदार त्या पोलिसांच्या मागे लपले होते, अगदी शब्दशः. पाच महिन्यांनी त्या पोलिसांना काँग्रेसचं (म्हणजे इथल्या संसदेचं) सुवर्णपदक द्यायचा ठराव आला. ४०६ विरुद्ध २१. एकवीस जणांनी विरोधात मत दिलं! ज्यांनी दारं धरून ठेवली त्यांना पदक द्यायला विरोध.

आणि २० जानेवारी २०२५ ला नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी साधारण १,५०० जणांना माफी देऊन टाकली. पोलिसांना मारहाण केल्याबद्दल शिक्षा भोगत असलेलेही त्यात होते. इथे शिफारशीचं पत्र पण लागलं नाही. ताई, तुमच्या भावाला सांगा, हा आजार फक्त आपल्याकडचा नाही. त्याला याने बरं वाटेल असं नाही.

फरक एक दिसतो. इथे त्या पोलिसांपैकी काही जण उघडपणे बोलले, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, टीव्हीवर खासदारांना नाव घेऊन विचारलं. आपल्या शिपायाला तसं बोलता येतं का? आचारसंहिता, सेवानियम. त्याच्या वतीने आमदार बोलतो, आणि आमदाराच्या वतीने फोटो.

कापूस_क्विंटल | मंगळवार, सकाळी ७:०५

एक विसरू नका. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक आलं, संघटनांना बेकायदेशीर ठरवायचं, साडेबारा हजार सूचना-हरकती आल्या होत्या म्हणे समितीकडे. विधानसभेत उघड विरोध करून उभे राहिले ते एकटे विनोद निकोले, डहाणूचे. बाकीच्या विरोधकांना बाहेर आल्यावर आठवलं. उद्या आम्ही कापसाच्या भावासाठी बसलो आणि ते कोणाला "बेकायदेशीर" वाटलं तर? पोलिसांना पाठिंबा म्हणून जे मंजूर होतं ते पोलीस नाही वापरत, मंत्रालय वापरतं. शिव्या पोलीस खातात.

(कालचा भाव कोणी टाकला नाही. बंदोबस्त काका, तुम्ही तरी टाका.)

ॲड_गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:२०

लेक ताई, काल अर्धवट राहिलं होतं.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खटला मागे घ्यायचं कलम होतं ३२१. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६० झालं. त्यात एक नवी ओळ आली आहे, आणि ती बऱ्याच वकिलांनीही अजून वाचलेली नाही. पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालय खटला मागे घ्यायला परवानगी देणार नाही.

तुमच्या भावाच्या खटल्यात पीडित कोण? सरकार फिर्यादी असेल, पण कपाळ तुमच्या भावाचं आहे. माझ्या मते तो उभा राहून सांगू शकतो की मला हे मान्य आहे किंवा नाही. दंगलीच्या खटल्यात जखमी पोलिसाने असं म्हणणं मांडल्याचं मी आमच्या कोर्टात तरी अजून पाहिलेलं नाही. पण ओळ कायद्यात आहे.

केळीवाला | मंगळवार, सकाळी ९:४१

वकीलसाहेब, हे आमच्याही केसला लागू आहे का? म्हणजे ज्या अंमलदाराला मी पाणी दिलं होतं, तो येऊन सांगू शकतो का की याने काही केलं नाही?

ॲड_गिरणाकाठ | मंगळवार, सकाळी ९:४८

तो जखमी किंवा फिर्यादी असेल तर नक्की सांगू शकतो. शोधा त्याला. बदली होऊन कुठे गेलाय ते काका सांगतील.

पारोळ्याची_लेक | मंगळवार, रात्री ११:३०

सगळ्यांचं वाचलं. जामनेरी दादांचं दोनदा वाचलं.

आत्ता भावाशी बोलले. तो चौकात बंदोबस्ताला होता, मिरवणूक पुढे सरकेपर्यंत दहा मिनिटं मिळाली. वकीलसाहेबांची ओळ वाचून दाखवली. आधी म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. मग गप्प. मग म्हणाला, "ताई, ज्याने मारला त्याला मी पाहिलं होतं. एकोणीस-वीसचं पोरगं. मारल्यावर तोच घाबरला, तोंडावर हात ठेवून उभा राहिला. त्याला आत टाकून मला काय मिळणार आहे? त्याची केस जाऊ दे."

मी म्हटलं, मग तुझं म्हणणं तरी काय? तर म्हणतो, "त्या पोरावर माझा राग नाही. पण मला विचारलं नाही कोणी. फळं घेऊन यायला वेळ होता ना त्यांना? मग पत्र द्यायच्या आधी एक फोन. 'बघा जरा' म्हणायला करतात ना ठाण्यात, तसाच मला एक करायचा. मी हो म्हटलं असतं."

मी विचारलं, हे कोर्टात सांगशील? म्हणाला, "हेच सांगीन. पण मराठीत चालतं का? माझं इंग्रजी..." आणि ढोल एवढे वाढले की पुढचं ऐकू आलं नाही.

बंदोबस्त_काका | मंगळवार, रात्री ११:५२

मराठीतच चालतं. एक पानाचं म्हणणं, साध्या शब्दांत. मी लिहून देतो, त्याने आपल्या हाताने उतरवून सही करावी. वर साहेबांमार्फत पाठवायची एक प्रत, नाहीतर उद्या म्हणतील परस्पर गेला. केळीवाले, तुझ्या अंमलदाराचं नाव मला खासगी संदेशात टाक, बघतो कुठे आहे तो.

कापसाचा भाव सकाळी टाकतो.